ॲडमिट न होता हेरॉईन सोडायचं तर: ओपीडीतले पर्याय आणि कुठला कुणासाठी

तुमचा प्रश्न नीट वाचला. भाऊ २८ वर्षांचा, सुरुवात कंबरदुखीच्या गोळ्यांनी झाली आणि आता तीन वर्षं हेरॉईन, दोनदा दहा-दहा दिवस ॲडमिट करून डिटॉक्स झालं आणि दोन्ही वेळा महिन्याभरात परत सुरू. नोकरी अजून टिकून आहे म्हणून तो ॲडमिट व्हायला तयार नाही, पण ओपीडीत यायला तयार आहे. एक डॉक्टर बुप्रेनॉर्फिन म्हणतात, दुसरे नॅलट्रेक्सोनचं इंजेक्शन म्हणतात, कुणीतरी मेथाडोन सुचवलं, आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत की हे म्हणजे एक नशा सोडवायला दुसरी नशा. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, व्यसनमुक्तीच्या ओपीडीत बरीच वर्षं काढलीयत, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सावकाश वाचा.

आधी मुद्द्याचं. ॲडमिट केलं तरच खरा उपचार असं अजिबात नाहीये, ओपिऑइडच्या, म्हणजे अफू-हेरॉईनच्या जातीच्या पदार्थांच्या, व्यसनावर ओपीडीत चांगले उपचार होतात आणि बहुतेक पेशंट तिथेच सावरतात. औषधं मुख्य तीन, त्यांच्यात फरक आहे आणि तो सांगतेच, पण इतके पेशंट बघून माझं मत असं झालंय की सगळ्यात मोठी दरी असते ती औषध चालू असलेल्या पेशंटमध्ये आणि औषध नसलेल्या पेशंटमध्ये. म्हणून निवडताना मी स्वतःला एकच विचारते, की यातलं कुठलं औषध दिलं तर हा मुलगा सहा महिन्यांनीसुद्धा माझ्यासमोर बसलेला असेल.

डिटॉक्सचं आधी बोलू कारण तुमचा अनुभव त्याचाच आहे. हेरॉईन बंद केलं की आठ-बारा तासांत विथड्रॉवल सुरू होतो, पेशंट त्याला टर्की म्हणतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिगेला पोचतो आणि आठवडाभरात अंगदुखी, जुलाब, उलट्या बऱ्यापैकी ओसरतात. क्लोनिडीन किंवा लोफेक्सिडीन, जुलाबाची, झोपेची, दुखण्याची गोळी असं देऊन हा आठवडा निभावता येतो, ओपीडीतही येतो. पण मग उरतं काय, तर झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, आणि क्रेव्हिंग म्हणजे घ्यायची तीव्र ओढ, हे पुढे कित्येक आठवडे, काही जणांना महिनोन्महिने. त्याच काळात शरीराची सहनशक्ती मात्र उतरलेली असते, म्हणजे पूर्वी जेवढं पचत होतं तेवढंच परत घेतलं तर श्वास थांबू शकतो. डिटॉक्स करून घरी आल्यानंतरचे काही आठवडे म्हणूनच सगळ्यात जोखमीचे. तुमचा भाऊ दोनदा यातून सुखरूप गेला, तिसऱ्यांदा ही परीक्षा नको.

स्वीडनमध्ये झालेला एक अभ्यास मी प्रत्येक नातेवाईकाला सांगते, २००३ साली प्रसिद्ध झाला. हेरॉईनचे ४० पेशंट, २० जणांना वर्षभर रोज बुप्रेनॉर्फिन, बाकी २० जणांना सहा दिवसांत औषध कमी करत बंद केलं आणि पुढे खोटी गोळी, समुपदेशन मात्र दोन्हीकडे सारखंच आणि भरपूर. वर्षाअखेरीस औषधवाल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकले होते, दुसऱ्या गटातला एकही नाही, आणि त्या दुसऱ्या गटातले चार जण वर्षभरात दगावले. वीसातले चार. हा आकडा मला कितीही वेळा सांगितला तरी सवयीचा होत नाही. तेव्हा नुसतं डिटॉक्स हा पर्याय मी यादीतच धरत नाही, डिटॉक्स करायचंच असेल तर ते नॅलट्रेक्सोन सुरू करण्यासाठीची पायरी म्हणून करायचं. आणि भूल देऊन एका दिवसात डिटॉक्स अशी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकू पण नका, त्याची तुलना नेहमीच्या पद्धतींशी झालेली आहे, फायदा काही जास्त नाही आणि जिवावरचे प्रसंग मात्र घडले.

आता बुप्रेनॉर्फिन. हे स्वतः ओपिऑइडच आहे पण अर्धवट ताकदीचं. मेंदूत हेरॉईन ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतं ती खुर्ची समजा. हेरॉईन बसलं की पूर्ण जोर लावतं, अगदी श्वास मंदावेपर्यंत. बुप्रेनॉर्फिन त्या खुर्चीला जास्त घट्ट धरतं, आधी बसलेल्याला उठवतं आणि स्वतः मात्र बेतानेच जोर लावतं. यातून तीन गोष्टी होतात. विथड्रॉवल आणि क्रेव्हिंग थांबतं. वर हेरॉईन घेतलं तरी फारशी किक बसत नाही. आणि डोस वाढवत नेला तरी श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, म्हणून एकट्या बुप्रेनॉर्फिनने ओव्हरडोस होऊन मोठ्या माणसाचा जीव जाणं फार क्वचित. दारू किंवा झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या सोबत असल्या तर मात्र हे संरक्षण उरत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

पण त्या घट्ट धरण्याचाच एक त्रास आहे. शरीरात हेरॉईन भरपूर असताना पहिली गोळी घेतली तर ती हेरॉईनला एकदम हटवते आणि अर्ध्या-पाऊण तासात जबरदस्त टर्की लागते, नेहमीपेक्षा वाईट. ज्यांनी बाहेरून कुणाकडून तरी गोळी आणून घाईत घेतली ते "मला हे औषध सूट होत नाही" म्हणत येतात ते यामुळे. औषध चांगलंच असतं, वेळ चुकलेली असते.

म्हणून पहिला डोस कसा देतात ते सांगते. शेवटचं हेरॉईन आदल्या संध्याकाळी घेतलेलं, किमान बारा तास झालेले, मेथाडोनसारखं लांब टिकणारं काही घेत असेल तर त्याहून जास्त, दोन-तीन दिवससुद्धा थांबावं लागतं. पेशंट आला की मी घड्याळावर विसंबत नाही, अंगावरची लक्षणं बघते. नाडी मोजते, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडातही मोठ्या आहेत का बघते, जांभया, वाहणारं नाक, कपाळावरचा घाम, पायांची चुळबुळ, आणि त्याच्या हातावरून हात फिरवून काटा लागतोय का बघते, कारण काटा आणि बाहुल्या खोट्या करता येत नाहीत. या सगळ्याचे गुण मांडायची काऊज नावाची स्केल आहे, ४८ पैकी साधारण १० च्या पुढे गेला की मग पहिली २ किंवा ४ मिलिग्रॅमची गोळी. घाबरलेल्या माणसाचं तोंड कोरडं असतं म्हणून आधी दोन घोट पाणी, मग गोळी जिभेखाली, आणि पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. हे बारीक वाटेल पण यावरच बरंच अवलंबून आहे, गिळलेलं बुप्रेनॉर्फिन बहुतेक वाया जातं. मग तासाभराने परत बघायचं, लागलं तर अजून एक डोस. सकाळी अंग आखडून, गुडघे हलवत बसलेला माणूस दुपारपर्यंत शांत बसून प्रश्न विचारायला लागतो, आणि शेजारी बसलेल्या आईच्या किंवा बहिणीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, हे बघण्यासारखं असतं. पहिल्या दिवशी ८ मिलिग्रॅमपर्यंत, पुढच्या काही दिवसांत १२-१६, काहींना २४ लागतात.

इथेच एक गोष्ट फार वेळा बिघडते. घरच्यांना वाटतं कमी डोस म्हणजे चांगला डोस, म्हणून ४ मिलिग्रॅमवर अडवून ठेवतात, मग संध्याकाळी क्रेव्हिंग येतं, मुलगा बाहेर जातो, आणि ठपका औषधावर. डोस पुरेसा असला पाहिजे, त्यात काटकसर नको.

हल्ली फेंटॅनिल, म्हणजे हेरॉईनपेक्षाही ताकदवान ओपिऑइड, घेणारे पेशंट जिथे येतात तिथे वेळेचं गणित अजून अवघड झालंय कारण फेंटॅनिल रोज घेतलं की चरबीत साठून राहतं आणि बारा तासांनीही पुरतं निघून गेलेलं नसतं. अशांसाठी अगदी छोट्या डोसने, नेहमीचं चालू असतानाच, हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत आहे, तिला बर्नची पद्धत म्हणतात, काटेकोर लक्ष लागतं पण जमते.

गोळीत बऱ्याचदा नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध, मिसळलेलं असतं, चारास एक प्रमाणात. जिभेखालून ते जवळपास शोषलं जात नाही, कुणी गोळी विरघळवून टोचून घेतली तरच ते काम करतं आणि टर्की आणतं. म्हणजे ते गैरवापर टाळायला आहे, त्याला घाबरू नका. साइड इफेक्टमध्ये बद्धकोष्ठता, घाम, डोकेदुखी, सुरुवातीला मळमळ. दातांचं एक आहे, जिभेखाली विरघळणाऱ्या औषधाने दात किडल्याच्या तक्रारी आल्या म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये इशारा दिला, तेव्हा गोळी पूर्ण विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि ब्रश मात्र तासाभराने करायचा. पोटाच्या कातडीखाली द्यायचं महिनाभर टिकणारं बुप्रेनॉर्फिनचं इंजेक्शनही २०१७ पासून आलंय, जिथे मिळतं तिथे नोकरीवाल्यांसाठी फारच सोयीचं, रोजची गोळी नाही, हरवणं नाही, विकणं नाही, घरात रोज "घेतलीस का" वरून वाद नाही.

मेथाडोन हे सगळ्यात जुनं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये व्हिन्सेंट डोल, मेरी निसवांडर आणि मेरी जीन क्रीक यांनी याचं काम सुरू केलं आणि तेव्हापासून जगभर वापरात आहे. हे पूर्ण ताकदीचं ओपिऑइड, पण हळू चढतं आणि हळू उतरतं, दिवसातून एकदा पुरतं, योग्य डोसवर माणूस झिंगत नाही, नॉर्मल राहतो. मोठा फायदा म्हणजे टर्की लागेपर्यंत थांबावं लागत नाही, आणि पेशंट टिकून राहतात. बुप्रेनॉर्फिनशी थेट तुलना केलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २४ आठवड्यांनी मेथाडोनवर ७४ टक्के टिकले, बुप्रेनॉर्फिनवर ४६. खूप वर्षं, खूप जास्त प्रमाणात, टोचून घेणारे जे असतात त्यांना बुप्रेनॉर्फिनची अर्धी ताकद कधीकधी खरंच पुरत नाही, त्यांच्यासाठी मेथाडोन म्हणजे जीव वाचवणारं औषध आहे.

धोका पहिल्या दोन आठवड्यांत. मेथाडोन शरीरात साठत जातं, आज दिलेल्या डोसचा पूर्ण परिणाम चार-पाच दिवसांनी कळतो, आणि कुणाच्या शरीरातून ते किती वेगाने निघून जाईल यात माणसामाणसात प्रचंड फरक असतो. म्हणून सुरुवात ३० मिलिग्रॅमच्या आतच, मग काही दिवसांनी पाच-दहाने वाढवत ६० ते १२० पर्यंत. पेशंट म्हणतो "डॉक्टर पुरत नाही, वाढवा", घरचे म्हणतात वाढवा, पण इथे घाई करायची नाही म्हणजे नाही, मी सुद्धा करत नाही. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून ईसीजी बघावा लागतो. आणि सुरुवातीला रोज क्लिनिकमध्ये जाऊन नर्ससमोर प्यावं लागतं, घरी न्यायला डोस नंतर, हळूहळू मिळतात. नोकरी असलेल्या माणसाला रोज सकाळची ही फेरी जमणार का हा प्रश्न खरा आहे. अर्थात काही पेशंटना ती रोजची फेरीच आधार होते, सकाळी एक ठिकाण असतं जिथे कुणीतरी नाव घेऊन विचारतं, मी हे कमी लेखत नाही.

मेथाडोनवर असताना दुसरी कुठलीही गोळी सुरू करताना सांगायला हवं. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं की मेथाडोनची रक्तातली पातळी झपकन खाली येते. अनेक महिने उत्तम चाललेला पेशंट अचानक पहाटे घामाघूम उठायला लागतो, चिडचिड करतो, घरच्यांना वाटतं परत सुरू केलं, त्याच्यावर आरोप होतात, आणि खरं कारण फक्त नवीन गोळी असते, डोस वाढवला की दोन-चार दिवसांत ठीक. फिटच्या काही गोळ्यांनी, म्हणजे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, हेच होतं.

तिसरं नॅलट्रेक्सोन. हे नशेचं औषधच नाही, रिसेप्टर नुसता अडवून ठेवतं, वर हेरॉईनसारखं काही घेतलं तरी बहुधा किक बसत नाही. सवय लागत नाही, बंद केलं तर विथड्रॉवल नाही, म्हणून घरच्यांना ऐकताक्षणी हेच आवडतं, तुमच्याकडेही तसंच झालं असणार. अडचण दारातच आहे. सुरू करायच्या आधी शरीर ओपिऑइडपासून पूर्ण मोकळं लागतं, हेरॉईनसाठी सात ते दहा दिवस, मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिननंतर दहा ते चौदा. नाहीतर तीच जबरदस्त टर्की, आणि ती तासाभरात सरणारी नाही. घरी राहून, नोकरी करत, इतके दिवस काहीच न घेता काढणं हेच तर त्याला जमत नव्हतं ना. अमेरिकेत ५७० पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यात महिन्याच्या नॅलट्रेक्सोन इंजेक्शनची बुप्रेनॉर्फिनशी तुलना केली होती. नॅलट्रेक्सोनच्या गटातल्या २८ टक्के लोकांना औषध सुरूच करता आलं नाही, बुप्रेनॉर्फिनच्या बाजूला ६ टक्के. पण ज्यांना एकदा सुरू करता आलं त्यांच्यात पुढे दोन्ही औषधं जवळपास सारखीच चालली. म्हणजे औषध वाईट नाही, तिथपर्यंत पोचणं अवघड आहे.

आणि इंजेक्शन म्हणते आहे ते मुद्दाम, ३८० मिलिग्रॅम, चार आठवड्यांनी एकदा, कमरेच्या मागच्या स्नायूत. रोजची ५० मिलिग्रॅमची गोळी ओपिऑइडसाठी बहुतेकांना उपयोगी पडत नाही कारण ज्या दिवशी घ्यावंसं वाटतं त्या दिवशी गोळी टाळली की झालं, आणि तोवर सहनशक्ती शून्यावर आलेली असते, म्हणजे परत तोच ओव्हरडोसचा धोका. समोर उभं राहून गोळी देणारं कुणी खात्रीचं असेल आणि पेशंटची स्वतःची इच्छा पक्की असेल तर चालतं. नॅलट्रेक्सोनवर असताना अपघात झाला किंवा ऑपरेशन लागलं तर नेहमीची ताकदवान वेदनाशामकं काम करत नाहीत, म्हणून खिशात तसं कार्ड ठेवायचं. लिव्हरच्या टेस्टही बघून घ्यायच्या.

मग तुमच्या भावासाठी काय? तुम्ही दिलेल्या माहितीवरून, प्रत्यक्ष न तपासता जेवढं म्हणता येईल तेवढं म्हणते: मी बुप्रेनॉर्फिनने सुरुवात केली असती. नोकरी आहे, घरचा आधार आहे, स्वतःहून यायला तयार आहे, आणि दोनदा डिटॉक्सनंतर पडलाय म्हणजे नॅलट्रेक्सोनसाठी लागणारे ते मोकळे दिवस त्याच्यासाठी फार महागात पडणारे आहेत. पुरेशा डोसवर, म्हणजे १६ ते २४ मिलिग्रॅमवर, काही आठवडे देऊनही तो वर हेरॉईन घेतच राहिला तर मेथाडोनवर जायचं, त्यात हरल्यासारखं काही नाही. नॅलट्रेक्सोन मी त्या पेशंटला देते जो आधीच काही आठवडे मोकळा आहे, किंवा ज्याच्या कामात कुठलंही ओपिऑइड चालतच नाही, किंवा ज्याला स्वतःला, घरच्यांना नव्हे, तेच हवंय. आणि व्यसन असलेली बहीण किंवा पत्नी गरोदर असताना हा प्रश्न घेऊन कुणी वाचत असेल तर तिथे डिटॉक्स करायचं नाही, मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन चालू ठेवायचं, त्यातही बुप्रेनॉर्फिनवरच्या आयांच्या बाळांना जन्मानंतरचा त्रास कमी होतो असं दिसलंय.

आता ते एक नशा सोडून दुसरी. मोठ्या माणसांचा राग येऊ देऊ नका, त्यांनी तीन वर्षं खोटं ऐकलंय, पैसे गेलेत, त्यांना परत फसायचं नाहीये. त्यांना एवढंच विचारा की नशा म्हणजे काय त्रास होता? दर सहा तासांनी शोधाशोध, उधारी, खोटं बोलणं, बाथरूमचं दार बंद, कामावर दांडी, ओव्हरडोसची भीती. बुप्रेनॉर्फिनवर स्थिर झालेल्या माणसाच्या दिवसात यातलं काय उरतं ते मोजा. शरीराला औषधाची सवय असते हे खरं, अचानक बंद केलं तर त्रास होतो हेही खरं, पण सवय असणं आणि आयुष्य त्याच्या मागे फरफटत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आणि हजारो पेशंटचे रेकॉर्ड एकत्र करून २०१७ मध्ये जे विश्लेषण आलं त्यात मेथाडोन चालू असताना वर्षाला हजारात साधारण ११ मृत्यू, उपचार सोडलेल्यांत ३६. बुप्रेनॉर्फिनचं हजारात ४ आणि उपचाराबाहेर ९-१०. (दोन्ही औषधांचे आकडे एकमेकांशी लावू नका, पेशंट वेगळे होते, आत आणि बाहेर हा फरक बघा.) फ्रान्सने १९९५-९६ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांनाही बुप्रेनॉर्फिन देऊ दिलं आणि १९९९ पर्यंत हेरॉईनच्या ओव्हरडोसने होणारे मृत्यू ७९ टक्क्यांनी खाली आले.

समुपदेशन हवंच का? उपयोगी आहे, मी सगळ्यांना सुचवते, विशेषतः नैराश्य, घबराट किंवा जुना आघात असेल तर. पण "आधी बारा सेशन करा, मग औषध" असं कुणी म्हणालं तर ते ऐकू नका, औषध आधी, बाकीचं सोबत. व्यसनमुक्तीच्या ग्रुपमध्ये जायचं असेल तर जरूर, फक्त आधी विचारून घ्या की औषध घेणाऱ्यांना ते स्वच्छ मानतात का, कारण काही ग्रुपमध्ये "गोळी बंद कर मग खरा सोडलास" असा दबाव येतो आणि चांगले चाललेले पेशंट त्यापायी औषध टाकतात.

किती दिवस घ्यायचं हे सगळेच विचारतात. किमान वर्ष, आणि त्यानंतरही बंद करण्याची घाई त्याची असावी, तुमची नको. वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या २०११ च्या अभ्यासात बारा आठवडे बुप्रेनॉर्फिन चालू असताना जवळपास ४९ टक्के पेशंट चांगले होते, औषध बंद करून आठ आठवड्यांनी फक्त ८.६ टक्के. आणि ही अशी माणसं होती ज्यांचं व्यसन हेरॉईनवाल्यांपेक्षा सौम्य मानलं जातं. काही जण दोन-तीन वर्षांनी अगदी हळू, महिन्याला थोडं थोडं करत बंद करतात आणि ठीक राहतात, काही जण वर्षानुवर्षं घेतात आणि तेही ठीक राहतात. कमी करताना क्रेव्हिंग परत आलं तर मागच्या डोसवर जायचं, त्यात लाज नाही.

घरी तुम्ही काय करायचं ते थोडक्यात. औषध कुलपात ठेवा, लहान मूल घरात असेल तर हे फारच महत्त्वाचं, मोठ्यांच्या एका गोळीने किंवा मेथाडोनच्या एका डोसने लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. नॅलोक्सोनचा नाकातला स्प्रे किंवा इंजेक्शन मिळत असेल तर घरात ठेवा आणि घरातल्या दोघांना तरी वापरता आलं पाहिजे: हाक मारून, हलवून उठत नाही, ओठ निळे, श्वास घरघरता किंवा थांबून थांबून, असं असेल तर ॲम्ब्युलन्स बोलवा, नॅलोक्सोन द्या, तोंडाने श्वास द्या, श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, आणि एकटं सोडू नका कारण नॅलोक्सोन तास-दीड तासात उतरतं आणि गुंगी परत येऊ शकते. रोज खिसे तपासणं, फोन तपासणं सोडा, त्याने घरात पोलिसी वातावरण होतं आणि तो तुमच्यापासून लपवायला शिकतो. युरिन टेस्ट क्लिनिकवर सोडा, आणि हे माहीत असू द्या की साध्या ओपिएट पट्टीत बुप्रेनॉर्फिन, मेथाडोन, फेंटॅनिल दिसत नाहीत, त्याला वेगळी पट्टी लागते, नाहीतर "टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे गोळी घेतच नाही" असा भलताच निष्कर्ष निघतो.

मध्ये एखाद्या दिवशी त्याने घेतलं तर औषध बंद करायचं नाही. हे मी जोर देऊन सांगते कारण घरोघर नेमकं उलटं होतं, स्लिप झाली की रागाने गोळ्या फेकल्या जातात. त्या दिवशी तर औषधाची जास्त गरज आहे. डॉक्टरांना सांगा, बहुतेक वेळा डोस कमी असतो, नाहीतर गोळी नीट विरघळत नसते, नाहीतर त्या आठवड्यात कामावर किंवा मित्रांमध्ये काहीतरी घडलेलं असतं.

ॲडमिट करावंच लागेल अशी काही परिस्थिती आहे. रोजची भरपूर दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या सोबत असतील तर त्या अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते, ते घरी करायचं नाही. आत्महत्येचे विचार, भ्रम, टोचल्यामुळे ताप किंवा हातापायाला सूज, हृदयाचा आजार, किंवा घरातच दुसरं कुणी वापरणारं असेल, तर आधी काही दिवस वॉर्डात आणि मग ओपीडी.

पहिल्या भेटीला जाताना त्याने घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, कंबरदुखीच्या सुद्धा, कारण ती कंबर अजून दुखत असेल तर त्याचाही विचार व्हायला हवा (बुप्रेनॉर्फिनचा तोच डोस दिवसात तीन वेळा वाटून घेतला तर दुखण्यावरही चांगला उपयोग होतो). आणि डॉक्टरांना विचारा की पहिल्या आठवड्यात रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, डोस वाढवायचा निर्णय किती दिवसांत होतो, आणि डोस चुकले तर काय. मेथाडोन सलग तीन दिवस चुकलं तर जुना डोस तसाच प्यायचा नाही, डॉक्टर तो कमी करून देतात, पाच दिवस चुकलं तर जवळपास पहिल्यापासून सुरुवात. बुप्रेनॉर्फिन दोन-तीन दिवस चुकलं आणि मध्ये काही घेतलं नसेल तर बहुधा नेहमीच्या डोसवर परत येता येतं, पण मध्ये हेरॉईन घेतलं असेल तर आधी अंगावर लक्षणं येईपर्यंत थांबावं लागतं. शेवटचं कधी आणि किती घेतलं हे त्याने खरं सांगायला हवं, आणि ते सांगताना तुम्ही खोलीबाहेर थांबलात तर त्याला सोपं जाईल.